मसुदा मराठीत द्या, मग मत विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझं राजापूर तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, पॅनकार्ड, दिवसभर हेच चालू असतं, त्यामुळे सरकारचा कुठला कागद लोकांना कळतो आणि कुठला कळत नाही हे मला काउंटरच्या या बाजूला बसून रोज दिसतं. त्यावरूनच लिहितोय.

२०२० च्या लॉकडाऊनची गोष्ट. शटर अर्धं खाली ओढून दुकान चालू होतं. आमच्या वाडीतले एक काका आले, तोंडाला टॉवेल बांधलेला, मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "जरा वाचून सांग रे, आपल्या चिरेखाणीचं काय लिहिलंय यात?" कुणीतरी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली होती. पर्यावरण मंत्रालयाच्या ईआयए अधिसूचनेचा मसुदा होता तो, म्हणजे एखादा प्रकल्प यायच्या आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल ते कसं तपासायचं त्याचे नवीन नियम. सगळा कायद्याच्या इंग्रजीत. मी ग्रॅज्युएट आहे, पण पहिल्या चार पानांतच अडकलो. काकांच्या विहिरीपासून चिरेखाण हाकेच्या अंतरावर आहे, उन्हाळ्यात पाणी गढूळ येतं, त्यांना एवढंच विचारायचं होतं की यापुढे खाण वाढवताना गावाला विचारणार की नाही. मला उत्तर देता आलं नाही. नंतर पेपरात वाचून कळलं की जनसुनावणीत लोकांना म्हणणं मांडायला जे ३० दिवस मिळायचे ते २० वर आणायचं त्या मसुद्यात होतं, आणि काही प्रकारच्या प्रकल्पांना तर जनसुनावणीच नको असंही होतं. म्हणजे ज्याच्या विहिरीचा प्रश्न त्यालाच पत्ता नाही.

त्या वेळी दिल्ली हायकोर्टाने ३० जून २०२० ला सूचना पाठवायची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवून दिली आणि मसुद्याचं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या (मराठीही त्यात येते) सगळ्या भाषांमध्ये १० दिवसांत भाषांतर करा असं सांगितलं. मला खरंच वाटलं की आता काकांना मराठीत प्रिंट काढून देता येईल. पण केंद्र सरकार त्या आदेशाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, म्हणणं असं की राजभाषा कायद्याप्रमाणे हिंदी आणि इंग्रजीत काढलं की पुरे. कायद्याच्या पुस्तकात ते बसत असेलही, मी वकील नाही, पण माहिती अधिकार कायदा पण याच देशाचा आहे ना? त्याच्या कलम ४ मध्ये सरळ लिहिलंय की महत्त्वाची धोरणं ठरवताना सगळी संबंधित माहिती सरकारने आपणहून जाहीर करायची, आणि ती लोकांपर्यंत पोचवताना स्थानिक भाषेचा विचार करायचा. २००५ चा कायदा आहे हा. अर्ज करा, १० रुपये भरा, ३० दिवस थांबा हे सगळ्यांना माहीत झालंय, पण अर्ज करायची वेळच येऊ नये म्हणून जे कलम ठेवलं त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी जास्त लोकांना माहीत असायला हवी. २०१४ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या कायदा खात्याने सगळ्या मंत्रालयांना कळवलं होतं की कुठलाही नवीन कायदा आणायच्या आधी मसुदा कमीत कमी ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं, आणि लोकांनी काय सांगितलं त्याचा गोषवारा वेबसाइटवर टाकायचा. सरकार कुठलंही असो, हा शब्द सरकारने दिलेला आहे. फक्त तो धोरण म्हणून दिलाय, कायद्यात नाही, म्हणून पाळला तर पाळला.

याचं अगदी ताजं उदाहरण म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, म्हणजे ऑनलाइन दिलेली आपली खाजगी माहिती कोणी कशी वापरायची त्याचा कायदा. २०२२ च्या शेवटी त्याच्या मसुद्यावर सूचना मागवल्या तेव्हा नोटिशीतच लिहिलं होतं की आलेल्या सूचना कोणालाही दाखवल्या जाणार नाहीत, आणि २०२५ च्या जानेवारीत नियमांचा मसुदा आला तेव्हाही तेच. कोणी काय सांगितलं, मोठ्या कंपन्यांनी काय मागितलं, त्यातलं काय मान्य झालं, काहीच कळायला मार्ग नाही. आणि याच कायद्याने (कलम ४४ मध्ये) माहिती अधिकार कायद्यातलं खाजगी माहितीबद्दलचं कलम ८(१)(ञ) बदललंय. आधी असं होतं की खाजगी माहिती नाकारायची असेल तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला पडतो हे बघायला लागायचं, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही असं तिथे लिहिलेलं होतं. मला ते वाक्य फार आवडायचं, दुकानात आलेल्या माणसाला मी ते सांगायचो. आता ते काढून टाकलंय, वैयक्तिक माहिती एवढंच कारण पुरतं. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) अजून आहे असं सरकार म्हणतं आणि ते खरंय, पण ते ठरवणार कोण, तर ज्याच्याकडे फाइल आहे तोच अधिकारी. घरकुलाची यादी नावांसकट ग्रामसभेत वाचली जाते म्हणूनच तर लोक उठून सांगतात की याचं दोन मजली घर आहे आणि त्या विधवा बाईचं नाव का नाही. उद्या कोणी नावं वैयक्तिक आहेत म्हणून अर्ज परत केला तर आम्ही काय धरून भांडायचं?

माझं मागणं फार मोठं नाही. २०१४ चं ते धोरण कायद्यात आणा. मसुदा ज्या दिवशी इंग्रजीत येईल त्याच दिवशी मराठीतही येऊ दे, आणि ३० दिवस तिथून मोजा. आलेल्या सूचना पाठवणाऱ्याचा फोन-पत्ता झाकून सगळ्यांना बघायला ठेवा. आपल्या खासदारांनी, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, हा प्रश्न लोकसभेत विचारावा.

आणि एक विनंती तुम्हालाही. केंद्राचा एखादा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी आला की तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा छोटी चौकट द्या, मसुदा कशाबद्दल आहे चार ओळीत मराठीत, शेवटची तारीख, आणि सूचना कुठे पाठवायच्या तो पत्ता. मी ती कापून दुकानाच्या काचेवर चिकटवीन, आणि ज्याला लिहायचंय त्याचं टायपिंग फुकट करून देईन.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी