झाकणाला हात लावण्याआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "गाडीतला लाल दिवा लागतो अधूनमधून, मी पाणी घालते, मग जातो." मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास. ते "अधूनमधून" रात्रभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी एकच गोष्ट सांगते. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. रेडिएटरचं नाही आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचंही नाही. आत कुकरसारखा दाब असतो. त्या दाबामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलंस की दाब सुटतो आणि उकळतं कूलंट थेट अंगावर येतं. काकांचा हात तू पाहिला आहेस.

आता दिव्याचं. टाकीतलं कूलंट कमी झालं की तो लागतो. सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी बघ. ती मिन आणि मॅक्सच्या मध्ये असूनही दिवा लागत असेल, तर आतला फ्लोट (पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता तुकडा) अडकलेला असतो किंवा सेन्सरच्या कनेक्टरला गंज चढलेला असतो. जुन्या गाडीत हे चालायचंच. पण तुझ्या गाडीचं तसं दिसत नाही. पाणी घातल्यावर दिवा जातो, म्हणजे सेन्सर खरं सांगतोय. कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही गं, ते त्याच पाइपांतून फिरत राहतं. कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय, आणि नुसतं भरत राहिलीस तर ते कुठून जातंय हे कधीच कळणार नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेव. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून बरंच समजतं. होज पाइपांच्या क्लॅम्पजवळ आणि वॉटर पंपाखाली पांढरट किंवा रंगीत सुकलेले ओघळ शोध. आत गोडसर वास येत असेल, काचेवर चिकट धुकं धरत असेल, पायाखालचा गालिचा ओला लागत असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. बाहेर काहीच सापडलं नाही, तर मला जास्त काळजी वाटेल. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील, गेलं असू शकतं. मग गाडी चालवत न्यायची नाही, उचलून न्यायची.

टेम्परेचरचा काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. कूलंट फारच उतरलं की काट्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो.

बघ, भाषण झालंच. रागावू नकोस. याच गाडीतून तुला पहिल्यांदा घरी आणलं. बाबा इतक्या हळू चालवत होते की मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, आणि त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. शाळेत असताना भर पावसात तू एकटीने स्टेपनी बदललीस, तेव्हा मी छत्री धरून नुसती उभी होते. तुला जमणार नाही असं मी कालही म्हटलं नव्हतं. तू घाईची आहेस, एवढंच.

घाईत असतानाच माणूस झाकणाला हात घालतो. दिवा लागला की गाडी कडेला घे, इंजिन बंद कर आणि निदान अर्धा तास थांब. पंखा बंद इंजिनातही अचानक फिरू लागतो, तेव्हा बोटं लांब ठेव. नंतरसुद्धा झाकणावर जाड फडकं टाक, तोंड बाजूला घे, थोडंसंच फिरव आणि फुसफुस थांबेपर्यंत वाट बघ. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नकोस, हेडला तडा जातो. उशीर झाला तर होऊ दे. ऑफिसला मी फोन करीन हवं तर. बरं, नाही करणार.

नळाचं पाणी घालायचं थांबव, आत क्षार धरतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच कूलंट आण. नुसता रंग जुळला म्हणून दुसरं मिसळू नकोस. आणि या आठवड्यात मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घे. आत हवेचा दाब देऊन गळती शोधतात, फार वेळ लागत नाही. काय निघालं ते कळव. रागात असलीस तरी कळव.

तुझी,
आई

ता. क. पुठ्ठ्यावर पडलेलं कूलंट लगेच पुसून टाक. चवीला गोड असतं आणि विषारी असतं. तुझी मांजर गाडीखालीच बसते.