राहून गेलेल्या एका डबल कोटबद्दल

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

(नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून नुसतं ताई.) तोंडावर आभार मानले असते तर "काका, परकं करता का?" म्हणाली असतीस. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांदेखत.

जुना कॉम्प्युटर मी भंगारात देणार होतो. तू म्हणालीस, त्यावर फ्रीबीएसडी टाकू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, युनिक्स घराण्यातली फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. युनिक्स म्हणजे मोठ्या सर्व्हरवाल्यांचं काम, असा माझा समज. "1969 सालचं आहे काका, तुमच्याच वयाचं. जमेल तुमचं." पेनड्राइव्ह तेवढा तू तयार करून दिलास. कीबोर्डला मात्र एकदाही हात लावला नाहीस.

पहिल्याच संध्याकाळी रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटेना, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला म्हणून मी तो उलटा करून झटकला. तू हसलीस, पण तोंड फिरवून. त्याचे वेगळे आभार. पुढे काळ्या पडद्यावर खिडक्या आणायला दोन संध्याकाळी गेल्या, ते सोडून देतो.

खरी गंमत महिन्याभराने झाली. आरसी डॉट कॉन्फ फाइलीत (मशीन सुरू होताना आपल्या सेटिंग्ज हिच्यातूनच वाचतं) मशीनचं नाव बदललं आणि शेवटचा डबल कोट, म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह, टाकायचा राहिला. रीबूट केलं तर मशीन अर्ध्यावरच थांबलं आणि कुठला शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) हवा म्हणून विचारू लागलं. माझे हातपाय गार! तू लोकलमध्ये होतीस. "काका, बंद-चालू करू नका. काय लिहिलंय ते वाचून दाखवा." वाचलं, तर फाइलीच्या नावासकट चूक लिहिलेली: कोट बंद केलेला नाही. नोकरीची तीस वर्षं मी एरर आला की ओके दाबत आलो, वाचला एकदाही नाही.

एंटर मारून फाइल उघडली, पण सेव्ह होईना. "आत्ता डिस्क नुसती वाचता येते. लिहिता यावी म्हणून टाइप करा: माउंट, स्पेस, डॅश यू, स्पेस, स्लॅश." एवढ्यात तुझी रेंज गेली. टाइप केलं, 'ईई' नावाच्या साध्या एडिटरमध्ये फाइल पुन्हा उघडून कोट टाकला, रीबूट. तुझा फोन आला तेव्हा मी लॉगिन करून बसलो होतो.

मग रविवारी सांगितलंस की ही फाइल हाताने बदलायची गरजच नसते, 'सिसआरसी' नावाची आज्ञा कोट आपणहून टाकते. हे आधी का नाही सांगितलंस, ते मी अजून विचारतोय.

तुझे,
दोन घरं सोडून राहणारे काका