घड्याळाला गोळ्या कळत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्मार्टवॉच घातलं की दुखणं कशामुळे येतं ते आपोआप कळतं, अशा सुराचा लेख तुमच्या पुरवणीत वाचला. लेख छान होता, पण अर्धीच गोष्ट सांगून थांबला असं वाटलं म्हणून हे लिहितेय.

मला बरीच वर्षं मायग्रेन आहे. घड्याळ घेतलं तेव्हा वाटलं आता चोर सापडणार, आणि सापडला पण! अ‍ॅप सांगायला लागलं की डोकं दुखतं त्याच्या आदल्या रात्री तुमची झोप खराब असते. झालं, मी झोपेच्या मागे लागले. सकाळी डोळे उघडले की आधी स्कोअर बघायचा आणि तो कमी असला की चांगलं बरं वाटत असूनही दिवसभर तोंड पाडून फिरायचं. (या खुळाला २०१७ साली संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असं नावही दिलंय, म्हणजे मी एकटी नाही.) शिवाय गाढ झोप, स्वप्नांची झोप हे खरं मोजायचं तर डोक्याला वायरी लावाव्या लागतात, घड्याळ बिचारं हाताची हालचाल आणि नाडी बघून अंदाज करतं.

डॉक्टरांनी माझे रंगीत ग्राफ शांतपणे बघितले आणि एकच विचारलं, महिन्यात किती दिवस गोळी घेता? मी म्हटलं असतील आठ-दहा. ते म्हणाले, वहीत लिहा.

लिहिलं. पहिल्या महिन्यात १७ दिवस! त्यातले काही तर नुसतं ‘दुखेल बहुतेक’ म्हणून. पुढचे दोन महिनेही १५ च्या खाली आले नाहीत. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि असं तीन महिन्यांच्या वर चाललं की त्या गोळीनेच डोकं दुखायला लागू शकतं, ट्रिप्टानसारख्या खास मायग्रेनच्या गोळ्यांना तर १० दिवसही पुरतात, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे गोळ्या कमी केल्या, सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले, आधीपेक्षा जास्त दुखलं, मग हळूहळू उतरलं. घड्याळाला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण मी त्याला गोळ्या कधी सांगितल्याच नव्हत्या.

दुसरी गंमत ऐका. रात्री उशिरापर्यंत काम केलं की दुखतं अशी माझी पक्की खात्री होती. वहीत मोजलं तर ३० पैकी १८ दिवस दुखलं आणि त्यातल्या १२ दिवशी आदल्या रात्री उशिरा काम. बघा, म्हटलं ना! पण न दुखलेले १२ दिवस पण लिहून ठेवले होते आणि त्यातल्या ८ दिवशीही उशिराच काम. म्हणजे दोन्हीकडे दोन तृतीयांश, कामाचा संबंध शून्य. नुसते दुखलेलेच दिवस लिहिले असते तर मी आजही त्या कामालाच शिव्या देत बसले असते.

झोपेचंही तसंच निघालं. मायग्रेन डोकं दुखायच्या कित्येक तास आधी, कधी एक-दोन दिवस आधीच सुरू झालेलं असतं. जांभया, मान आखडणं, चिडचिड, गोड खावंसं वाटणं. माझ्या वहीत जांभया जवळपास दर वेळी आहेत. मग ती खराब झोप हे कारण होतं की अ‍ॅटॅकचीच सुरुवात? अ‍ॅपने सरळ कारण म्हणून टाकलं.

घड्याळ काढून फेका असं मी म्हणत नाही, माझ्या हातात अजून आहे. ताप यायच्या वेळी विश्रांतीतले ठोके वाढलेले त्याने मला दोनदा दाखवलेत. फक्त पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शेजारी एक रिकामा तक्ता पण छापा: तारीख, काय दुखलं, किती वाजता, कोणती गोळी, पाळीचा दिवस. आणि त्यात ‘आज काहीच दुखलं नाही’ असा रकाना नक्की ठेवा, तो भरायचा लोक विसरतात.

आपली,
एक वाचक