हेडफोनचा दुसरा जॅक

प्रिय बाळा,

समोरासमोर बोलायला बसलो की तिसऱ्या वाक्याला आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून हे मेलवर लिहितेय. मोठं होणार आहे, एका बैठकीत नाही वाचलंस तरी चालेल, पण वाच.

रविवारी गाडीत मी तुला तीनदा हाक मारली, तुला ऐकूच गेली नाही, आणि चौथ्यांदा मी मागे वळून तुझ्या कानातला इअरबड सरळ ओढून काढला, स्वतःच्या कानाला लावला आणि दहा सेकंद ऐकून म्हणाले, "ह्याला गाणं म्हणतात? नुसता गोंगाट." तू काहीच बोलला नाहीस. हात पुढे केलास, इअरबड परत घेतलास आणि उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिलास. मला तेव्हाच कळलं की हे वाक्य माझं नाहीये, हे तुझ्या आजोबांचं आहे. शब्द तेच, आणि "नुसता गोंगाट" म्हणताना हात झटकायची लकबसुद्धा तीच. मी सोळा वर्षांची असताना ते वाक्य मला किती लागलं होतं ते अजून आठवतं, आणि तरी मी ते जसंच्या तसं तुझ्या अंगावर टाकलं. सॉरी. हे आधी म्हणायचं होतं, बाकीचं सगळं नंतर.

माझ्याकडे तेव्हा वॉकमन होता. माझा म्हणजे खरं तर मामेभावाचा, तो नवीन घेणार होता म्हणून जुना मला मिळाला होता, झाकण नीट बसायचं नाही म्हणून रबरबँड लावलेला. कॅसेट विकत घेणं क्वचित, बहुतेक सगळं रेडिओवरून टेप केलेलं. रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून बसायचं, आणि निवेदकाचं बोलणं संपतंय न संपतंय तोवर बटण दाबायचं, तरी त्याचे शेवटचे दोन शब्द गाण्याला चिकटायचेच. ती गाणी आज मला तुझ्या ॲपवर एकदम स्वच्छ ऐकायला मिळतात ना, तर सुरुवातीला ते दोन शब्द आले नाहीत की मला चुकल्यासारखं होतं. एकेक ओळ थांबवून, मागे नेऊन, परत ऐकून मी वहीत उतरवून घ्यायचे, आणि एका गाण्यातला एक शब्द मी वीस वर्षं चुकीचा म्हणत होते हे मला इंटरनेट आल्यावर कळलं. आजोबांना ह्यातलं काही दिसायचं नाही. त्यांना एवढंच दिसायचं की मुलगी कानात बोळे घालून बसलीये आणि घरात कोण आलं कोण गेलं हिला पत्ता नाही.

तू चिडून खोलीत गेलास त्या रात्री मी सहज वॉकमनबद्दल वाचत बसले, आणि एक गोष्ट कळली जी मला तेव्हा कुणी सांगायला हवी होती असं वाटलं. सोनीनं पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला बाजारात आणला, टीपीएस-एल२ नावाचं निळं-चंदेरी मॉडेल. त्याला हेडफोन लावायला एक नाही, दोन जॅक होते, म्हणजे दोघांना एकत्र ऐकता यायचं. आणि एक नारिंगी बटण होतं, ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि छोट्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. कंपनीच्या अकिओ मोरितांनी ते मशीन घरी वापरून बघितलं तेव्हा त्यांची बायको वैतागली होती, तिला बाजूला पडल्यासारखं वाटलं, आणि एकट्यानं गाणं ऐकत बसणं म्हणजे सोबतच्या माणसाचा अपमान होईल अशी त्यांना काळजी वाटली, म्हणून ही सगळी सोय. पण लोकांना ती नकोच होती! प्रत्येकाला आपापला वॉकमन हवा होता. पुढच्या मॉडेल्समधून आधी ते बटण गेलं, मग दुसरा जॅकही गेला. माझ्या हातात आला तोवर एकच जॅक उरला होता.

म्हणजे तुझ्या इअरबडचं मूळ माझ्या पिढीत आहे बघ. कान बंद करून स्वतःच्या जगात जायचं आम्हीच सुरू केलं, आणि आता तुम्ही तेच करताय तर आम्हाला राग येतो.

आजोबांचंही तसंच. त्यांचा तो काळा-पांढरा फोटो तू पाहिलायस ना, कानांवर आलेले केस आणि खाली पायघोळ पँट? त्या केसांवरून पणजोबा त्यांच्याशी एक महिना बोलले नव्हते, हे मला आजीनं सांगितलं, आजोबांनी स्वतःहून कधीच नाही. त्यांच्या वयाच्या मुलांच्या हातात ट्रान्झिस्टर आला होता. त्याच्या आधी रेडिओ म्हणजे बैठकीतलं मोठं खोकं, काय लागणार ते घरातला मोठा माणूस ठरवणार. १९५४ साली पहिला खिशात मावेल असा ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला आला आणि हळूहळू पोरं तो घेऊन घराबाहेर, गच्चीवर, मित्रांकडे जाऊ लागली. आईबापांच्या कानांपासून लांब जाता येणं, मला वाटतं खरी भानगड तिथून सुरू झाली. गाणी काय, ती दर दहा वर्षांनी बदलतातच.

आणि मोठ्यांचं घाबरणं बघ. जानेवारी १९५७ मध्ये अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये एल्विस प्रेस्ली ह्या गायकाला फक्त कमरेच्या वर दाखवलं होतं, कारण खालची हालचाल लोकांना अश्लील वाटायची. बीटल्स हा इंग्लंडचा बँड फेब्रुवारी १९६४ मध्ये त्याच शोमध्ये आला तेव्हा जवळजवळ ७ कोटी ३० लाख लोकांनी बघितलं, आणि त्यातल्या कितीतरी आयांना गाण्यापेक्षा त्यांच्या केसांचीच जास्त चिंता पडली. १९८५ मध्ये अमेरिकेत गाण्यांतल्या शब्दांवरून आईबापांनी एवढा गवगवा केला की अल्बमच्या कव्हरवर सावधानतेची पट्टी छापायला लागले. त्याच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, वॉल्ट्झ नाच इंग्लंडमध्ये बीभत्स समजला जायचा, कारण त्यात जोडीनं एकमेकांना धरून नाचायचं. आज वॉल्ट्झ म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? सभ्यपणा!

मी तुला मध्ये एक फॉरवर्ड पाठवला होता, आठवतंय? सॉक्रेटिस म्हणाला होता की आजकालची मुलं ऐषआरामी आहेत, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत वगैरे. तू फक्त "बरं" लिहिलंस. तर ते सॉक्रेटिस कधी म्हणालाच नव्हता. १९०७ सालच्या एका इंग्रज अभ्यासकाच्या, केनेथ जॉन फ्रीमनच्या, प्रबंधात प्राचीन ग्रीसमधल्या तरुणांविरुद्धच्या तक्रारींचा गोषवारा होता, तोच पुढे सॉक्रेटिसच्या नावावर खपत गेला. न तपासता मी तो तुझ्यावर टोमणा म्हणून वापरला, हेही चुकलंच.

मग आमच्या कानांना होतं तरी काय? मानसशास्त्रात म्हणे हे नीट अभ्यासलेलं आहे, की वयस्कर माणसांना आयुष्यातलं काहीही आठवायला सांगितलं तर साधारण दहा ते तीस ह्या वयातल्या आठवणी बाकीच्यांपेक्षा जास्त वर येतात. आता त्या वयात काय काय होतं बघ, पहिला जिवलग मित्र, पहिलं प्रेम, पहिल्यांदा घर सोडणं, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठलं ना कुठलं गाणं चालू असतं. म्हणून मला माझं गाणं लागलं की नुसता सूर ऐकू येत नाही, मला हॉस्टेलची ती खोली दिसते, मैत्रिणीचं हसणं ऐकू येतं. तुझ्या गाण्यात मला ह्यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तो गोंगाट. तुला त्यात जे दिसतं ते माझ्यापर्यंत पोचतच नाही, आणि दहा सेकंदांत पोचणार तरी कसं?

तरी एक गोष्ट मला खरंच वेगळी वाटते, आणि ही "आमच्या वेळी" वाली तक्रार नाहीये, नीट ऐक. आजोबांना माझी गाणी आवडायची नाहीत पण ती त्यांना माहीत होती. वॉकमनची बॅटरी संपायची, मग मी टेपरेकॉर्डरवर लावायचे, भिंतीतून आवाज जायचा, ते ओरडायचे, पण ओरडता ओरडता त्यांनी ती सगळी ऐकली होती. मी हॉस्टेलला गेल्यावर आजीनं सांगितलं की ते दाढी करताना माझ्या गाण्यांतलंच एक गाणं गुणगुणत होते. हे ऐकून मी फोनवर रडले होते. तुझं एकही गाणं मला गुणगुणता येत नाही रे. भिंतीतून काही येतच नाही. तू शेजारी बसलेला असतोस आणि तुझ्या कानात काय चाललंय, स्क्रीनवर काय बघून तू हसलास, ह्यातलं मला काहीही कळत नाही. मला भीती वाटते ती ह्याची, गाणं कुठलं आहे त्याची नाही.

आणि आमच्याकडे एकाच वेळी सगळ्यांना एकच गोष्ट मिळायची. टीव्हीवर काल रात्री जे लागलं ते सगळ्या वर्गानं बघितलेलं असायचं, ज्याचं चुकलं त्याला दुसऱ्या दिवशी कुणीतरी ॲक्शनसकट करून दाखवायचं. त्यात वाईटही होतं, ज्याला वेगळं काही आवडायचं त्याची खिल्ली उडायची, आणि आमच्या वर्गातला एक मुलगा त्यापायी गप्पच झाला होता. तुमच्यात प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळं काही लागतं, आणि ते माणूस नाही, ॲप निवडतं, तू कुठल्या रीलवर किती वेळ थांबलास ते मोजून. मला मामेभाऊ कॅसेट द्यायचा तेव्हा सोबत सांगायचा, "दुसऱ्या बाजूचं तिसरं ऐक, मग बोलू." ते "मग बोलू" मला फार महत्त्वाचं वाटतं. ॲप असं म्हणत नाही, पुढचं लावून मोकळं होतं.

पण तुमचं जे मला खरंच आवडतं तेही लिहिते, कारण ते मी कधी बोलले नाहीये. भाषा कळत नसताना तू कोरियन ऐकतोस, स्पॅनिश ऐकतोस. २०१२ मध्ये यूट्यूबवर पहिल्यांदा एका व्हिडिओला शंभर कोटी व्ह्यूज झाले, तो कोरियन गाण्याचा होता, आणि मला तेव्हा ती एक गंमत वाटली होती. तुम्हाला त्यात काही विशेष वाटतच नाही, गाणं चांगलं आहे ना, मग झालं. आम्हाला हे जमायला फार वेळ लागला.

दुसरं म्हणजे ते फोटोचं. मी तुझा चौथ्या वर्षाचा टबमधला फोटो टाकला आणि तू काढायला लावलास, तेव्हा मला राग आला होता की आईनं मुलाचा फोटो टाकायला काय परवानगी घ्यायची. आमच्या लहानपणी पाहुणे आले की अल्बम निघायचाच. पण मग माझ्या डोक्यात आलं, अल्बम मिटायचा आणि कपाटात जायचा. मी अकरावीत स्टेजवर सगळ्यांसमोर शब्द विसरले होते, त्याचं आज जगात कुठे काही नाही, जे हसले तेही विसरले. पहिला आयफोन २००७ मध्ये आला, तू त्यानंतरचा, तुला कॅमेरा बंद असलेलं जग माहीतच नाही, तुझी चूक कुणाच्या तरी फोनमध्ये राहणारच. म्हणून तुम्ही विचारून टाकता, जवळच्यांसाठी वेगळं अकाउंट ठेवता, जुनं पुसता. मी त्याला लपवाछपवी म्हणायचे. तो शहाणपणा आहे, आणि तो तुम्ही कुणी न शिकवता शिकलात.

आणि तिसरं, जे लिहायला मला जड जातंय. मार्चमध्ये तू येऊन म्हणालास, "आई, मला आठ दिवस झाले बरं वाटत नाहीये, मनातून, मला कुणाशी तरी बोलायचंय." मी आधी म्हणाले की परीक्षा आली की असं होतंच. आपण चार दिवसांनी समुपदेशकाकडे गेलो, पण ते चार दिवस मी तुला वाट बघायला लावली. आजोबांच्या पिढीत ह्याला शब्दच नव्हता, माणूस कामाला लागायचा आणि गप्प व्हायचा. आमच्याकडे शब्द होते पण ते दुसऱ्यांसाठी होते, आपल्या घरात तसलं काही नसतं. मी एकोणीस वर्षांची असताना चार महिने नीट झोपले नव्हते आणि हे मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय. तू आठ दिवसांत बोललास. मला तुझा किती अभिमान वाटला ते त्या दिवशी सांगायला हवं होतं.

तर आता असं. शनिवारी तुला क्लासला सोडायला मीच येतेय, पाऊण तास जातो. तुझा एक इअरबड मला दे. गाडीच्या स्पीकरवर नको, तिथं मी लगेच आवाज कमी कर म्हणेन, मला माहितीये. तुला जे आवडतं ते लाव, माझ्यासाठी सोपं निवडू नकोस. एक गाणं मी पूर्ण ऐकेन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. मग तू सांग त्यात तुला काय दिसतं, आणि शब्द लिहून दे मला, मी वहीत उतरवून घेईन.

चुकीचा ऐकला तर सांग, वीस वर्षं थांबू नकोस.

तुझी,
आई