भरले 3,000, तुटले 522

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोव्यात मोरजीला आमचं किराणा दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या. बावीस वर्षं मी गावाला उधारी देते. वहीचा नियम एकच: गणेशचवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायच्या आधी खातं चुकतं झालं पाहिजे. चार हजारांची बाकी असताना कुणी दोनशे रुपये टेकवून वर नवं सामान बांधून मागितलं, तर मी सरळ म्हणते, "आधी मागचं बघ." आणि हीच मी गेल्या वर्षी क्रेडिट कार्डावर चार-पाच महिने नेमकं तेच करत होते.

मे महिन्यात खोल्यांसाठी दोन एसी घेतले. घासाघीस करून 60,000 ला पडले, याचाच मोठा आनंद. पैसे कार्डावर. वाटलं, बिल येईपर्यंत सीझनमधलं अडकलेलं भाडं हातात येईल. मोरजीत जन्म काढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं, की मे संपला की खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, म्हणजे शॅक, मोडतात आणि ऑक्टोबरपर्यंत किनाऱ्यावर येतो तो फक्त पाऊस. बिल मात्र दर महिन्याच्या 12 तारखेला, न चुकता.

त्या बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रक्कम, दुसरी किमान देय रक्कम. माझी किमान रक्कम होती 3,000. म्हटलं, बँक समजूतदार दिसते, पावसाळा निभावून नेईल. पुढच्या बिलात 57,000 असतील या हिशेबाने पाहिलं, तर आकडा 60,000 च्या वरच! व्याज एसी घेतल्या दिवसापासून धरलेलं. तरीही मी किमानच भरत राहिले. खोल्या रिकाम्या, करणार काय?

शेवटी ऑक्टोबरात एका दुपारी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. दर साडेतीन टक्के, महिन्याला. कार्ड देणाऱ्या मुलाने "फक्त साडेतीन" म्हटलं होतं, महिना की वर्ष हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. 60,000 वर 2,100 रुपये व्याज. व्याजावर 18 टक्के जीएसटी, 378. म्हणजे भरलेल्या 3,000 पैकी 2,478 तिथेच गेले आणि मुद्दलातून तुटले 522. वर्षाचा दर 42 टक्के होतो. आमच्याकडे एवढं व्याज घेणाऱ्या सावकाराच्या घरचं लोक पाणीही पीत नसत.

दुसरी गोष्ट त्याहून लबाड. म्हापशाहून तांदूळ, साखर, तेल मी याच कार्डावर भरते. 13 तारखेला माल उचलला, तर पैसे थेट पुढच्या महिन्याचं बिल आल्यावर, त्याच्या मुदतीपर्यंत भरायचे, म्हणजे दीडेक महिना बिनव्याजी. छोट्या दुकानदाराला ही सवलत सोन्यासारखी आहे आणि कार्ड वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. पण मागची बाकी ठेवली की ही सवलतच बंद होते. माझ्या तांदळाच्या पोत्यांवर उचलल्या दिवसापासून व्याज चढत होतं, आणि मी तो तांदूळ किलोमागे दोन रुपये नफ्याने विकत होते.

शेजारणीने तर चवथीच्या खर्चाला कार्ड एटीएममध्ये घालून रोकड काढली. तिला एक दिवससुद्धा बिनव्याजी मिळाला नाही, वर रोकड काढण्याची फी वेगळी.

मी पाटल्या उचलल्या आणि पतसंस्थेत तारण ठेवल्या. अकरा टक्के, वर्षाला. कार्डाची बाकी एकरकमी फेडली. नाताळच्या गर्दीत खोल्या भरल्या, मग पाटल्या सोडवल्या. घरचे अजून टोमणा मारतात, की एसीची हवा खाल्ली बँकेने.

व्याज कमी करायला सरकारला सांगा, असं कुणी म्हणेल. कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तिकडून आता काही येईल असं दिसत नाही. पण रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत आणि ते कामाचे आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. बाकी नसेल तर बंद करायचा अर्ज दिल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेला दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. केवळ किमान रक्कम भरल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल, हा इशाराही बिलावर छापावा लागतो. माझ्या बिलावर तो होता. इंग्रजीत, तिसऱ्या पानावर.

कार्डाच्या अटी शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असंही रिझर्व्ह बँक म्हणते. "शक्यतो" हा शब्द कुणाच्या सोयीचा आहे ते सांगायला नको. माझी विनंती आहे, की गोव्यातल्या बँकांनी तो इशारा बिलाच्या पहिल्या पानावर, किमान रकमेच्या अगदी शेजारी, मराठीत आणि कोकणीत छापावा. कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून कृपया वाद घालू नये, पाच वर्षं त्यातच जातील.

आणि येत्या चवथीच्या बाजारात म्हापशाला कार्डवाल्या मुलांची टेबलं लागतील तेव्हा त्यांनी "काकी, फक्त साडेतीन टक्के" म्हणताना पुढे "महिन्याला" हा शब्दही उच्चारावा. मी विचारायला जाणारच आहे.

आपली,
एक किराणा दुकानदारीण, मोरजी (पेडणे)