बसलेला आवाज रेटू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठ्याने गाऊन घसा धरला की मिठाच्या गुळण्या, थंडावा देणारी गोळी आणि पुन्हा गाणे, हा क्रम सर्रास दिसतो. गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचले तर ठसका लागेल. गोळी दुखणे बधिर करते, म्हणजे थांबायला सांगणारी खूणच पुसली जाते.

बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा, स्त्रीचे २०० च्या आसपास एकमेकांवर आदळतात. स्वर चढला की ही संख्या वाढते आणि आवाज वाढवला की प्रत्येक आघाताचा जोर. त्याने कडा सुजतात, जड होतात, आवाज घोगरा होऊन खाली उतरतो. मग स्वर लागावा म्हणून गायक आणखी हवा ढकलतो, मान आवळतो. दुखतात ते बहुधा हे आवळलेले स्नायू. स्वरतंतू स्वतः फारसे दुखत नाहीत, म्हणून ‘दुखत नाही’ यावर विसंबू नये.

खरी परीक्षा हळू आवाजात होते. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तारसप्तकातला, म्हणजे वरच्या सप्तकातला, एखादा स्वर अगदी हलका गुणगुणून पाहावा. आधी नुसती हवा येऊन स्वर मागाहून उमटला, किंवा जोर दिल्यावरच लागला, तर सूज आहे असे धरून चालावे. एक-दोन दिवस गाणे बंद, बोलणे मोजके. कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, त्यातही बहुतेकांचा गळा ताणला जातो. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी गिळावे. साध्या पाण्याची वाफ दहा मिनिटे घ्यावी.

आवाज परतू लागल्यावर पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून मधल्या पट्टीत ‘ऊ’ धरावा, पाच मिनिटे. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. पाणी उसळू लागले तर फुंकर जास्त होते आहे.

मूळ कारण मात्र अनेकदा मंचावर असते. वाद्यांच्या गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडून गातो. मॉनिटर स्पीकर गायकाच्या समोर हवा आणि त्यात गायकाचाच आवाज वरचढ हवा. तेवढ्याने भागत नसेल तर पट्टी उतरवावी. पेटीच्या काळी दोनचे गाणे तिच्या लगतच्या खालच्या पांढरी दोनमध्ये गाण्यात कमीपणा नाही.

गाता गाता आवाज एकाएकी गेला तर स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. तिथेच थांबावे, बोलूही नये, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जावे. अशा वेळी मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. श्वास घेताना त्रास होत असेल तर एक दिवसही थांबू नये.

आयोजकांना विनंती : ध्वनितपासणी सगळी वाद्ये वाजत असताना, गायकाला उभे करून घ्या. आणि आवाज बसलेल्या गायकाला ‘आजचा दिवस रेटून ने’ असे म्हणू नका.

आपला,
एक गायनशिक्षक