तिचं नाव बोर्डावर कशासाठी? मा. विधी व न्याय मंत्र्यांस खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करायला आलेली बाई पोटगीचं विचारते, मुलांच्या ताब्याचं विचारते, पण त्याआधी आवाज खाली करून विचारते, "मॅडम, हे कुणाला कळणार तर नाही ना?" आजच्या कायद्याप्रमाणे या प्रश्नाचं खरं उत्तर "कळणार" असंच आहे. ते बदलणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 16 पाहावं. परिस्थिती तशी आहे असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं आणि शिवाय एका पक्षाने मागणी केली, तर ते बंद दाराआड सुनावणी घेऊ शकतात. 'शकतात', एवढंच. आता 1984 चा कुटुंब न्यायालय कायदा काढा. त्याच्या कलम 11 प्रमाणे एका पक्षाने मागितलं की दार लावावंच लागतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 22 तर मागणीचीही वाट पाहत नाही. सुनावणी बंद दाराआडच, आणि तपशील छापला तर दंड. (दंड हजार रुपयांपर्यंत. 1976 च्या दुरुस्तीपासून ती रक्कम हललेली नाही, हे आपलं जाता जाता.) म्हणजे त्याच नवराबायकोची, त्याच मारहाणीची हकीकत घटस्फोटाच्या अर्जात झाकलेली राहते आणि दंडाधिकाऱ्यांपुढच्या अर्जात उघडी पडते. जो कायदा खास तिच्यासाठी केला, त्यातच तिला सगळ्यांत कमी आडोसा आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, लागतो; त्यावर तिचं आणि नवऱ्याचं नाव. पट्टेवाला दारात उभा राहून पुकारा करतो. बांधाच्या भांडणासाठी, चेकच्या केससाठी आलेली तिच्याच गावची माणसं व्हरांड्यात असतात; तालुक्याच्या कोर्टात ओळखीचं कुणी भेटलं नाही असा दिवस विरळा. मग उलटतपासणी. समोरचा वकील लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून सुरुवात करतो आणि मागच्या बाकांवर आपापल्या तारखेची वाट पाहणारे सगळे कान टवकारतात. सुनावणी बंद दाराआड घ्या ही मागणीसुद्धा याच गर्दीसमोर करावी लागते. "साहेब, मॅटर नाजूक आहे," असं मी उठून म्हटलं की बाहेरचे चारजण आत येऊन उभे राहतात.

याहून अवघड गोष्ट लिहायची आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 3 मध्ये लैंगिक छळ स्पष्ट नमूद आहे, त्यामुळे नवऱ्याने शरीरसंबंधांसाठी केलेली जबरदस्ती अनेक बायका अर्जात लिहितात. पण एकत्र राहणाऱ्या सज्ञान पत्नीवरच्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा बलात्कार मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 ने बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवलं आहे; विभक्त राहणाऱ्या पत्नीवर नवऱ्याने केलेला अत्याचारही त्या कलमात येतो. त्याच घरात राहून तेच सोसणारी मात्र त्यात येत नाही. वैवाहिक बलात्काराचा वाद न्यायालयात आणि संसदेत चालायचा तेवढा चालो. तिचं नाव झाकण्यासाठी त्याचा निकाल लागायची गरज नाही.

कोर्टाबाहेरची चर्चा पूर्वी पारापुरती होती. आता ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव टाकलं की केस सापडते. लग्नासाठी स्थळ बघणारा, भाड्याने घर देणारा, नोकरी देणारा, कुणीही शोधू शकतो. एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं तेव्हा संवेदनशील गुन्हे वगळले, लैंगिक गुन्ह्यांचा तर नाव घेऊन उल्लेख केला. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं पूर्वीचं 498-अ, आताचं न्याय संहितेचं कलम 85, त्या उल्लेखात नाही. मग फिर्यादीच्या पहिल्या पानाचा फोटो नात्यातल्या ग्रुपवर फिरतो, त्यात नवऱ्याचा पगार, तिचं वय, कुठल्या दिवशी कुठे मारलं, सगळं. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. हे करणारे पत्रकार नसतात, त्यामुळे वार्तांकनाच्या संकेतांचा इथे उपयोग शून्य.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त 14 टक्क्यांनी मदत मागितली होती, आणि 77 टक्के कुणाकडे गेल्या नव्हत्या की कुणाजवळ बोलल्याही नव्हत्या. कारणं अनेक असतील. पण माझ्या टेबलासमोरून अर्ज न करता उठून गेलेल्या बायका धाकट्या बहिणीच्या लग्नाचं कारण देऊन गेल्या आहेत.

न्यायदान उघड्यावर व्हावं, हे तत्त्व मलाही प्रिय आहे. त्याचा हेतू न्यायाधीशावर समाजाची नजर राहावी हा आहे. निकालपत्र कारणांसकट प्रसिद्ध करा, किती तारखा पडल्या तेही सांगा. 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, त्याचं काय झालं हे लोकांना कळलंच पाहिजे. त्यासाठी तिचं नाव लागत नाही. खोट्या केसची भीती घालणाऱ्यांनाही एवढंच म्हणेन की नाव झाकलं तर नवऱ्याचंही झाकलं जाईल, आणि तो निर्दोष असेल तर त्याला ते हवंच असेल.

विवाह आणि फौजदारी कायदा हे समवर्ती सूचीतले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असे, विषय आहेत. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य दुरुस्ती करू शकतं. कलम 16 मध्ये अर्जदार स्त्रीने लेखी मागितलं की सुनावणी बंद दाराआडच होईल, आणि ओळख पटेल असा तपशील पसरवणं गुन्हा ठरेल, एवढी दुरुस्ती आपण आणावी. दार लावताना तिच्या पसंतीचं एक माणूस आत राहू द्यावं. अनोळखी माणसांत तिला एकटीला बसवण्यासाठी हे मागत नाही.

बोर्ड आणि संकेतस्थळ उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतं, हे मी जाणते. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांत नावांऐवजी अक्षरं वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वं मुंबई उच्च न्यायालयानेच 2021 मध्ये घालून दिली आहेत. तीच पद्धत दंडाधिकारी न्यायालयांत आणावी, अशी विनंती शासनाने पत्राने करायला काय हरकत आहे? कलम 85 च्या एफआयआर संकेतस्थळावर न टाकण्याबाबत गृह विभागाशी बोलणं तर एका बैठकीचं काम आहे.

राहता राहिला पत्ता. बाईने मागणी केली तर ती आपल्याकडे आहे हे आश्रयगृहाने नवऱ्याला कळवू नये, असं कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे 2006 चे नियम सांगतात. पण ती मैत्रिणीकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहत असेल, तर अर्जात लिहिलेला तिचा पत्ता नोटिशीबरोबर थेट त्याच्या हातात पडतो. तिचा पत्ता बंद लिफाफ्यात न्यायालयाकडे ठेवून पत्रव्यवहार याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयामार्फत व्हावा, याची सोय दुरुस्तीच्या आधी करावी. ते सगळ्यांत निकडीचं आहे.

कळावे,
तालुका न्यायालयातील एक वकील